चारशे दोन मीटर आणि पुढचे सहाशे

पुण्याजवळ मोशीच्या बाजूला नव्याने झालेल्या एका काँक्रीटच्या रस्त्यावर रविवारी सकाळी फक्कीची आडवी रेघ दिसली. कबड्डीच्या मैदानावर मारतात तीच पांढरी फक्की. रेघेपासून पुढे टायरचे काळे पट्टे निघालेले, जोडीजोडीने, पाच-सहा मीटर लांब, आणि हवेत जळलेल्या क्लचचा उग्र वास अजून रेंगाळलेला. रस्त्याने पुढे चालत गेलं की तशीच दुसरी रेघ. मधलं अंतर कुणीतरी टेप धरून नीट मोजलं होतं, कारण ते चारशे मीटरच्या किंचित वर भरत होतं. म्हणजे पाव मैल, ४०२ मीटर, ड्रॅगचं, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीचं, ठरलेलं अंतर. रात्री अंधारात वाकून, टेपचं टोक दगडाखाली दाबून, पन्नास-पन्नास मीटरच्या खुणा करत कुणी हे अंतर साधत असेल, तर त्या माणसाला या खेळाबद्दल खरी आस्था आहे हे मान्य करावंच लागतं. पण दुसऱ्या रेघेनंतर दीडशे मीटरच्या आत गतिरोधक होता. त्याच्या पलीकडे चहाची टपरी आणि रिक्षा स्टँड.

मोजणाऱ्याने धावायचं अंतर मोजलं, थांबायचं मोजलंच नाही.

हिशोब साधा आहे. रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदललेली, बऱ्यापैकी ताकदीची गाडी ४०२ मीटर पंधरा सेकंदांत कापते आणि शेवटच्या रेघेवर तिचा वेग ताशी दीडशेच्या आसपास असतो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४२ मीटर. रेघ ओलांडली हे कळून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा, ४२ मीटर तिथेच गेले. पुढे शहाण्या माणसासारखा ब्रेक लावला, गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने वेग कमी केला, तर आणखी १७७ मीटर लागतात. एकूण सव्वादोनशेच्या घरात. जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला, एबीएस कुरकुरत राहिलं, टायर नवे आणि रस्ता कोरडा असला तरी दीडशे मीटर लागतातच. हे झालं पहिल्या धावेचं. चौथ्या धावेपर्यंत कंपनीने बसवलेले ब्रेक पॅड तापून पकड सोडू लागतात आणि हा आकडा वाढत जातो. ताशी अडीचशेला पोचणाऱ्या गाडीला याच शांत ब्रेकिंगने पाचशे मीटर लागतात, वर विचार करायच्या सेकंदाचे सत्तर. म्हणून ड्रॅग स्ट्रिपच्या आराखड्यात धावायच्या ४०२ मीटरपुढे थांबायला निदान सहाशे मीटर सोडावे लागतात. त्याच्याही पुढे वाळूचा खड्डा आणि जाळी. हा उतरता वेग झेलणारा भाग किंचित चढाचा मिळाला तर सोन्याहून पिवळं, उताराचा मिळाला तर ती जागा सोडून द्यावी. महामार्गावरचा, सतत अपघात होणारा नवले पुलाचा उतार ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

पुण्यात ड्रॅग स्ट्रिप हवी, ही मागणी गॅरेजांत, नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांसमोर, भोसरीच्या लेथवाल्यांकडे फ्लायव्हील हलकं करून घेणाऱ्यांच्या तोंडी कायम असते. चाकण, पिंपरी, आकुर्डी इथे गाड्या बनतात, कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत त्या तपासल्या जातात, आणि त्या चालवण्याची हौस असणाऱ्याला मात्र रात्री दोनचा रिकामा रस्ता शोधावा लागतो. हे दुखणं खरं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक जागी सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद. २०१९च्या दुरुस्तीआधी हाच दंड पाचशे रुपये होता. दंड वाढला म्हणून काळे पट्टे काही कमी झालेले दिसत नाहीत. तरीही मला वाटतं की मागणी चुकीच्या टोकाकडून मांडली जाते. अर्जात, निवेदनात, बैठकीत बोलणं सुरू होतं ते वेगापासून. अधिकाऱ्यासमोर जाताना आधी थांबायच्या जागेचं बोलावं. कारण रस्ता आणि ड्रॅग स्ट्रिप यांत फरक पडतो तो तिथेच. वेग तर रस्त्यावरही मिळतो.

जागेचं गणित मांडून पाहू. रांग आणि बर्नआउटला (टायर तापवायला चाकं जागीच फिरवण्याला) शंभर मीटर, धावायला ४०२, थांबायला सहाशे, वाळूला ऐंशी. बाराशे मीटर झाले. रुंदीत नऊ-नऊ मीटरच्या दोन लेन, दोन्हीकडे काँक्रीटच्या भिंती, परतीचा सहा मीटरचा रस्ता, ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनाची गाडी उभी करायची जागा, प्रेक्षकांचं अंतर, मातीचा बांध. साठ मीटरच्या खाली हे बसत नाही. बहात्तर हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण अठरा एकर. पुणे जिल्ह्यात अठरा एकर मिळतील, पण सव्वा किलोमीटरची सरळ पट्टी मिळणं महाकठीण. एवढ्या लांबीत वीस-पंचवीस गट नंबर सहज येतात. त्यातले अर्धे सातबारे सामाईक, एखाद्यावर वारसनोंद राहिलेली, मधून पाणंद किंवा शिवरस्ता जाणार, एखादा ओढा आडवा येणार आणि वरून उच्चदाब वीजवाहिनी. पाणंद बंद करता येत नाही, करूही नये, शेजारच्या शेतकऱ्याची बैलगाडी आणि उसाचा ट्रॅक्टर तिथूनच जातो. शिवाय कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, त्यामुळे ‘चार मित्र मिळून घेऊ’ हा बेत तलाठ्याच्या टेबलापर्यंतही पोचत नाही. पुरंदरच्या विमानतळासाठी जमिनी मागितल्यावर त्या गावांत काय वातावरण झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. विमानतळालासुद्धा लोकांनी सहजासहजी जमीन दिली नाही, तिथे हौसेसाठी बागायत मागण्याचा कुणाला हक्क नाही. ही जागा एमआयडीसीच्या लांबट भूखंडात नाही तर पूर्वेकडच्या माळरानावर शोधावी. शिरूर, दौंड, सुपे या बाजूला पाऊस कमी, वस्ती विरळ आणि माळाखाली मुरूम. मावळ-मुळशीचा परिसर दिसायला देखणा, पण तिथे पाऊस एवढा की पृष्ठभाग टिकवायचा खर्चच झेपणार नाही.

आता पृष्ठभागाबद्दल, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. ‘डांबर टाका, झालं’ असं नसतं. काळी माती लागली तर ती पूर्ण उपसावी लागते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा थर कितीही चांगला असला तरी त्याला लाटा येतात. मुरमाचा भराव वीस-वीस सेंटीमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलरने दाबत आणायचा. सुटण्याच्या रेघेपासूनचे पहिले शंभर मीटर काँक्रीटचे हवेत, कारण उन्हात मऊ झालेलं डांबर ताकदवान गाडीची चाकं सोलून काढतात. शंभर मीटर लांब, अठरा रुंद, पंचवीस सेंटीमीटर जाड म्हणजे ४५० घनमीटर एम-४० काँक्रीट, सहा घनमीटरच्या मिक्सरच्या पंचाहत्तर फेऱ्या. एका लेनच्या सदतीस-अडतीस फेऱ्यांमध्ये खंड पडता कामा नये. चाकणच्या चौकात दोन मिक्सर अडकले की आधीचं काँक्रीट सेट होऊ लागतं, पुढचं त्याला एकजीव होत नाही आणि तिथे कायमची एक उंची-खोली राहते. म्हणून हे काम रात्री करतात. मग चिरा पाडून सांधे घ्यायचे, तेही काँक्रीट पुरतं कडक व्हायच्या आत, नाहीतर ते स्वतःच हवं तिथून तडकतं. सांधे कुठे येतात हे आधी कागदावर ठरवायला हवं. नऊ मीटरच्या लेनचे साडेचारचे दोन भाग केले तर सांधा बरोबर मध्यावर येतो. गाडीची चाकं त्याच्या दोन्हीकडून जातात, तिला त्रास नाही, पण बाईक लेनच्या मध्यावरूनच धावते आणि तिचं मागचं चाक भर ताकदीत त्या चिरेवर राहतं. तीन-तीन मीटरचे तीन भाग केले की बाईकही मोकळी आणि गाडीही. पुण्यातल्या हौशी लोकांत दुचाकीवाले भरपूर, तेव्हा हा तपशील नंतर सुचून उपयोगाचा नाही.

आणि शेवटचा हात. महापालिकेच्या काँक्रीट रस्त्यावर पावसात घसरू नये म्हणून आडव्या बारीक रेघा ओढलेल्या असतात. लाँच पॅडला, म्हणजे सुटण्याच्या या काँक्रीटच्या पट्ट्याला, अगदी उलटं लागतं. पृष्ठभाग गुळगुळीत, कारण पकड देणारं असतं ते वर चढलेलं रबर, खालचं काँक्रीट नव्हे. जुने स्लिक, म्हणजे बिननक्षीचे, टायर लोखंडी चौकटीला बांधून, वर वजन ठेवून ट्रॅक्टरमागे पुन्हा पुन्हा ओढतात, त्यावर चिकट द्रावण फवारतात, ते वाळू देतात, पुन्हा ओढतात. नीट तयार झालेल्या पॅडवरून चालताना बुटाचा तळ चर्र आवाज करत सुटतो, सैल चप्पल तर मागेच राहते. एवढं झाल्यावरच पहिल्या साठ फुटांची, म्हणजे अठरा मीटरची वेळ सुधारते. तिथे वाचवलेला दशांश सेकंद शेवटी दीड-दोन दशांश होऊन मिळतो.

याच कारणामुळे भाड्याची धावपट्टी कायमचं उत्तर होत नाही. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनच्या निमित्ताने पाव मैलाच्या धावा झाल्या, त्यातून खूप लोकांना पहिल्यांदा खऱ्या घड्याळावरची वेळ कळली, ते मोलाचंच. पण विमानाच्या धावपट्टीवर रबर साचलं तर पावसात विमान घसरतं, म्हणून विमानतळवाले ते जोराच्या पाण्याने खरवडून काढतात. ड्रॅगवाल्यांना नेमकं तेच रबर हवं असतं.

चालू स्पर्धेत काय बिघडतं, तर बहुतेकदा क्षुल्लक गोष्टी. रांगेत उकडतं म्हणून एसी चालू ठेवला की खाली पाणी ठिबकतं, तेच पुढे सुटण्याच्या रेघेवर सांडतं आणि मागच्या चार जणांची चाकं जागच्या जागी फिरतात. रांगेत शिरण्याआधी एसी बंद, हा नियम फलकावर मोठ्या अक्षरांत हवा. बर्नआउटच्या पाण्यातून नक्षीच्या साध्या टायरची गाडी नेऊच नये, खाचांत आणि मडगार्डच्या आत पाणी भरून ती ते पॅडवर नेऊन ओतते. तिने बाजूने यावं, कोरड्यावर थोडी चाकं फिरवावीत आणि उभं राहावं. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नुसतं पाणी, कारण कूलंट फुटलं तर त्याचा निसरडा थर सहज निघत नाही. इंजिनाच्या श्वासनळीला अर्धा लिटरची तरी कॅच टाकी, बाहेर येणारं ऑइल झेलायला. ऑइल सांडलं तर गॅरेजमधली सवय म्हणून लोक लाकडाचा भुसा टाकतात, तो वरचं पितो पण खाली तेलकट थर ठेवतो. त्यावर डीग्रीझर, ब्रश, मग पुसून कोरडं करणं, मग पुन्हा रबर. अर्धा-पाऊण तास जातो आणि तो जाऊ द्यायचा असतो. ‘चालतंय, सोडा पुढची जोडी’ म्हणणारा आयोजक मला भीतिदायक वाटतो. आणि कुत्री. सव्वा किलोमीटरला दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीचं कुंपण नसेल तर एकही धाव सोडू नये.

पुण्याच्या हवेचंही थोडं. शहर समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच, त्यामुळे टर्बो नसलेलं इंजिन मुंबईच्या मानाने पाच-सहा टक्के ताकद इथेच गमावतं. एप्रिलच्या दुपारी चाळीस अंशांत हवा एवढी विरळ होते की इंजिनाच्या लेखी आपण दीड हजार मीटरवर, महाबळेश्वरच्याही वर उभे असतो. जानेवारीच्या सकाळी तीच गाडी ताजीतवानी पळते, पण तेव्हा पॅडवर दव असतं आणि थंड रबर धरत नाही. साडेनऊ-दहाला ऊन पृष्ठभागावर चढलं की दोन्ही गोष्टी जुळतात. जून ते सप्टेंबर सोडून द्यायचे.

आवाजाचा प्रश्न वरवरचा समजू नये. ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ची मर्यादा आहे. आवाज अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलने उतरतो. पंधरा मीटरवर ११० डेसिबल ओरडणारी, सायलेन्सर मोकळा केलेली फ्री-फ्लोवाली गाडी एक किलोमीटरवरच्या घरात त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरने ऐकू येते. तिथे म्हातारी माणसं दुपारची पडलेली असतात, पोरं अभ्यासाला बसलेली असतात. सायलेन्सर सक्तीचा करून तोच आकडा पंधरा मीटरवर पंच्याण्णववर आणला, मध्ये उंच मातीचा बांध घातला, तर त्याच घरात पन्नाशीच्या आसपास येतो. सायलेन्सर नसेल तर धाव नाही, हे आपल्याच लोकांना सांगायची तयारी हवी. गावाचा विश्वास एकदा गेला की ग्रामसभेचा ठराव परत मिळत नाही.

मला सर्वांत आशेची वाटते ती ब्रॅकेट पद्धत. प्रत्येकाने आपल्या गाडीची वेळ आधी काचेवर लिहायची. जुन्या हॅचबॅकवाल्याने १८.२० लिहिले, समोरच्या टर्बोवाल्याने १३.७०, तर हॅचबॅकचा हिरवा दिवा साडेचार सेकंद आधी लागतो. दोघं मनासारखे धावले तर शेवटच्या रेघेवर एकत्र येतात. लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तर बाद. तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने उतरतात, त्यानंतर हिरवा, त्याआधी हललात तर लाल. इथे जिंकतो तो दर धावेला तेच करू शकणारा: टायरची हवा तीच, क्लच सोडायचे आरपीएम तेच, गिअर त्याच ठिकाणी. तीस वर्षांची आरएक्स हंड्रेड नव्या महागड्या बाईकला हरवू शकते. कर्ज काढून टर्बो बसवणाऱ्या पोराला हातातल्या गाडीवर मान मिळण्याची वाट सापडते, आणि रस्त्यावरच्या ‘कोण पुढे’ या ईर्षेचा जोर कमी होतो. फक्त घड्याळ पक्कं हवं. ताशी दीडशेला हजारांश सेकंदात गाडी चार सेंटीमीटर सरकते, तेव्हा फोनच्या जीपीएसवर निकाल देता येत नाही. प्रकाशझोत तुटला की नोंदणारे सेन्सर लागतात.

पैसे? एका दिवसात ऐंशी गाड्या, प्रत्येकीकडून अडीच हजार धरले तर दोन लाख. त्यातून ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, मार्शल, घड्याळ, विमा. विम्यावर तर विशेष लक्ष द्यावं, कारण आपल्या खासगी गाडीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी स्पष्टपणे वगळलेली असते. आयोजकाची स्वतंत्र पॉलिसी आणि एफएमएससीआय या देशाच्या मोटरस्पोर्ट संघटनेची मान्यता नसेल तर अपघातानंतर प्रत्येक जण एकटा पडतो. नुसत्या ड्रॅगवर अठरा एकर चालणार नाहीत. सोमवार ते शुक्रवार ती पट्टी ब्रेक, टायर, क्लच बनवणाऱ्या लहान कारखान्यांना चाचणीसाठी आणि चालक प्रशिक्षणाला भाड्याने जायला हवी. असे कारखाने भोसरी-चाकणला पुष्कळ आहेत.

अमेरिकेतही हे असंच चाचपडत सुरू झालं. रस्त्यावरच्या शर्यती थांबाव्यात म्हणून १९५१ मध्ये एनएचआरए ही ड्रॅग शर्यतींची संघटना उभी राहिली आणि तिची पहिली अधिकृत स्पर्धा १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे जत्रेच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये झाली, तीही तिथल्या पोलिसांच्या पाठबळावर. आधी पोलिसांचा भरवसा, मग पार्किंगची जागा, पक्की स्ट्रिप त्यानंतर.

आपणही पाव मैलाचा हट्ट काही वर्षं बाजूला ठेवावा. मैलाच्या आठव्या भागाने, २०१ मीटरने सुरुवात करावी. पंधरा सेकंदांची गाडी तिथे साडेनऊ-दहा सेकंद घेते आणि शेवटी ताशी १२०च्या आत असते. शांत ब्रेकने एकशे दहा मीटरमध्ये थांबते, साडेतीनशे ठेवले तरी भरपूर. सगळं मिळून सव्वासातशे-साडेसातशे मीटरची पट्टी, अकरा एकरांच्या आसपास. एवढा लांबट भूखंड मिळणं शक्य कोटीतलं आहे. अर्जासोबत नकाशा जोडावा आणि त्यात थांबायचा भाग, ॲम्ब्युलन्सची जागा, जवळच्या रुग्णालयापर्यंतची मिनिटं, बांधाची उंची आणि कुंपण रंगवून दाखवावं. वेगाचे आकडे शेवटच्या पानावर. चांगल्या हवेचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच हाती असतो, पोलीस, महसूल आणि ग्रामपंचायत या तिन्ही टेबलांवरून कागद फिरायला पाच-सहा महिने सहज जातात. म्हणजे अर्ज मे महिन्यात आत गेलेला हवा, आणि जागेची मोजणी त्याच्याही आधी, पाऊस पडून बांध गवतात बुडायच्या आत.